राहिलेली पंगत

बाबांनी गुन्हा कबूल केला तो बुधवार होता. ठाण्याची माणसं त्यांना मोटारीत बसवून घेऊन गेली. मी शाळेत होते. दादा शेतात होता. गावात वेचणी चालू होती.

त्या दिवसाबद्दल मी बरीच वर्षं एवढंच सांगू शकत असे. आता दादाही गेला. सावंगीच्या दवाखान्यात गेल्या महिन्यात गेला. शेवटचे दोन दिवस तो अर्धवट झोपेत होता. सलाईन लावायला आलेल्या शिकाऊ डॉक्टर मुलीचा हात धरून एकदा म्हणाला, “दवात कापूस नोका वेचू, बाप्पा.” ती हसली. “आजोबा, इथं कुठला कापूस?” मग माझ्याकडं वळून म्हणाली, “काय म्हणतात ते?” मी म्हटलं, “काही नाही. जुनी गोष्ट आहे.”

दादाचं सगळं आटोपल्यावर मी गावीच राहिले आहे. नाचणगाव मागं पडलं की आमचं शिवार लागतं. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या झाडांची, बोंडं फुटली आहेत. मधल्या ओळींत तूर पिवळी झाली आहे, तिच्या फांद्यांना वाऱ्यानं नेलेले कापसाचे तंतू अडकले आहेत. सकाळी बाया बांधावर येऊन बसतात, पण शेतात उतरत नाहीत. एखादी तळपायानं गवत चाचपून बघते. अजून ओलं असतं. मग पुन्हा गप्पा, तंबाखू, कोणाच्या तरी सुनेची चेष्टा. उन्हानं दव उडालं की त्या उठतात, कमरेला ओट्या बांधतात आणि ओळी धरतात. ओला कापूस घरात आणायचा नाही, ही वेचणीतली पहिली शिस्त. आमच्या घराचं बरं आणि वाईट, दोन्ही या शिस्तीपाशी येऊन थांबतं.

तेव्हा आमचा जिल्हा मध्य प्रदेशात होता. मी एकवीस वर्षांची होते, वर्ध्याला वसतिगृहात राहून शिकलेली आणि गावच्या शाळेत मास्तरीण. गावातल्या मोठ्या मालकाचा कापूस एका कोठ्यात भरत. मातीच्या भिंती, वर कवलं, एकच दार. दिवाणजी त्या साली नवे होते, शहरातल्या दुकानातून आलेले. पुलगावच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, पहिल्या बैलबंड्या आपल्या लागाव्यात असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. कोठा भरभर भरला, गड्यांकडून तुडवून तुडवून दाबून घेतला, पुन्हा वर भरला. गड्यांना भाकर खायलाही सुटी देत नव्हते, दादाही त्या गड्यांत होता, त्यावरून त्याचं त्यांच्याशी वाजलं. “एक दिवस पाहून घेतो तुमाले,” असं दादा चार लोकांत बोलून गेला.

दोन दिवसांनी सकाळीच कवलांच्या फटींतून धूर निघू लागला. लोकांनी कडी उखडून दार उघडलं, आणि वारा आत शिरताच सगळं एकदम पेटलं. सरकी जळते तेव्हा तिचं तेल तळणासारखं वास मारतं. आठ दिवस तो वास गावात होता. माझ्या वर्गातली पोरं त्या वासानं भूक लागली म्हणायची.

यापुढचं कळायचं तर आमच्या मोहल्ल्याची रीत सांगायला हवी. आम्ही गोंड. माझे बाबा, कवडू, मोहल्ल्याचे पंच होते. भांडण आलं की आमच्या अंगणात चिंचेखाली लोक बसत. बकरी कोणाच्या हातून मेली, बांध कोणी फोडला, असलीच भांडणं. कोणी केलं, हे बाबा कधीच विचारत नसत. त्यांचा प्रश्न ठरलेला असे, “कोन घेते?” म्हणजे दोष अंगावर कोण घेतो. तपास करत बसलं तर दोन घरं कायमची तुटतात, असं ते म्हणत. मग एकजण उठे. पुष्कळदा ज्यानं केलेलं नसे तोच उठे, घरातला मोठा म्हणून, किंवा आपल्याला सोसेल म्हणून. तो सगळ्यांना जेवू घाली. पंगत उठली की विषय मिटला. मिटलेल्या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं नाही, कारण त्यात दोष घेणाराचा अपमान. लहानपणापासून मला ही रीत सुंदर वाटत आली होती. ती वाईट होती, असं अजूनही म्हणवत नाही.

कोठ्यावरचे गडी आमच्याच मोहल्ल्यातले, म्हणून ठाणेदारांनी तिथल्या घरटी एका पुरुषाला तीन दिवस चावडीत बसवून ठेवलं. कोणाला हात लावला नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढं भेटेल तो हेच विचारायचा, मारलं का? नाही मारलं. हिंदी-मराठी मिसळून ते गोडच बोलत. “देखो भाऊ, कोणीतरी एकजण हो म्हणा, बाकी सब घर जाओ. वेचणीचे दिवस आहेत, नुकसान तुमचंच होऊन राह्यलं.” बाबांना तो आपलाच प्रश्न वाटला असणार. तिसऱ्या दिवशी ते उठले आणि म्हणाले, “मी घेतो.”

“घेतो म्हणजे? केलं ना?”

“तेच ते,” बाबा म्हणाले.

चावडीत बसलेल्यांनी हे मला नंतर सांगितलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी त्यांना विचार करायला एक दिवस दिला, मग पुन्हा विचारलं, कोणाची जबरदस्ती तर नाही? बाबांनी हात जोडून नाही म्हटलं. कसं केलं, यावर ठाण्यात जसं बोलणं झालं होतं तसंच सांगितलं. पहाटे गेलो, दार उघडलं, पेटती गोवरी आत टाकली. खाली अंगठा दिला. मोठ्या कोर्टातही त्यांनी सगळ्याला हो म्हटलं, त्यामुळं साक्षी-पुरावे फारसे झालेच नाहीत. सात वर्षांची सजा झाली. शिपाई नेत असताना ते मागं वळले आणि दादाला म्हणाले, “जेवनाचं कसं करतं?” मला वाटलं, ते आमच्या दोन वेळच्या खाण्याबद्दल विचारत आहेत. मी मान हलवून सांगितलं, आम्ही करू.

आता एक गोष्ट सांगते, जी दादालाही मी फार उशिरा सांगितली. बाबांनीच आग लावली, असं मी मानलं होतं. मोहल्ल्यात पुस्तकांची पेटी फक्त माझ्याजवळ होती. लिहिलेलं असतं ते खरं असतं, असं मी रोज पोरांना शिकवत होते. कागदावर कबुली होती, खाली माझ्या बापाचा अंगठा होता. मी चिडले नाही, रडले नाही, फक्त मानून टाकलं. दादा पुलगावला हमालीला जाऊ लागला आणि आठवड्यातून एकदा घरी येऊ लागला. जेवताना आम्ही एकमेकांकडं बघत नसू. गावातली माणसं कधी अंबाडीची भाजी आणून ठेवायची, कधी वांगी. दारात ठेवून परत जायची. बोलत कोणीच नव्हतं. मला ती माणुसकी वाटायची, आणि ती माणुसकीच होती.

पावसाळ्यात शाळेच्या कामानं वर्ध्याला गेले तेव्हा वसतिगृहातल्या एका मैत्रिणीनं मला आपल्या वडिलांकडं नेलं. ते वकील होते. म्हातारे, दम्यानं बेजार, दर वाक्याला खोकणारे. त्यांनी बाबांच्या खटल्याच्या नकला काढून दिल्या. “घरी ने. सावकाश वाच. मग ये,” म्हणाले.

मला सावकाशच वाचता येतं. ओळीखाली बोट धरून वाचण्याची माझी सवय अजून सुटलेली नाही. बाहेर पाऊस, चुलीत ओलं सरपण, आणि मी कागद घेऊन बसलेली. कबुलीत लिहिलं होतं, दार उघडून गोवरी आत टाकली. ते मी वाचलं आणि पुढं गेले. मग पंचनामा आला. दारास कुलूप. कुलूप बंद. किल्ली दिवाणजींचे कमरेस. लोकांनी कडी उखडून दार उघडले. मी बोट तिथंच ठेवलं आणि दुसऱ्या हातानं मागची पानं उलटली. दोन्ही कागद एकाच दोऱ्यानं बांधलेले होते. मधे चार पानं होती. तेवढी चार पानं ओलांडून कोणी एकावर एक कागद ठेवून पाहिलेच नव्हते. मीही तोवर नव्हते पाहिले.

वकीलसाहेबांनी दोन्ही कागद डोळ्यांजवळ धरले. “चांगलं आहे हे. पण कोर्ट विचारेल, मग आग लागली कशी? आणि त्याच्याही आधी, तू बाबांना विचारलंस का?”

“काय?”

“त्यांनी लावली का, हे.”

खटला होऊन सहा महिने झाले होते. मी विचारलं नव्हतं.

तुरुंगात जाळीच्या पलीकडं बाबा उभे राहिले. आधी त्यांनी पऱ्हाटी किती आली ते विचारलं, बैलाच्या खांद्याचं विचारलं. मग मी म्हटलं, “बाबा, आग तुम्ही लावली?”

“असं काऊन इचारतं?”

“कोणी विचारलं नाही म्हणून.”

“मी घेतली नं पोरी.”

“लावली का?”

“नाई.” मग जाळीला तोंड लावून अगदी हळू म्हणाले, “सीतारामनं लावली नं?”

सीताराम म्हणजे दादा. रविवारी तो घरी आला तेव्हा मी त्याला हे सांगितलं. तो हात धूत होता, तांब्या तसाच हातात राहिला. “मंजे बाबानं नाई लावली?” म्हणाला. मग उंबऱ्यावर बसला. “मले वाटलं, माह्या भांडनापायी त्यायनंच...” आमच्या घरात तिघंजण होतो. बाबांनी मनात दादाला धरलं होतं, दादानं बाबांना, मीही बाबांनाच. आणि तिघंही एकमेकांना जपत गप्प होतो. त्या संध्याकाळी आम्ही दोघं बऱ्याच महिन्यांनी एकमेकांकडं बघून जेवलो.

मग वेचणी आली. मला आठवतो तो हंगाम हा दुसरा, आगीचा नव्हे. घरात हात कमी होते म्हणून सुटीच्या दिवशी मीही वेचायला जाऊ लागले. बायांची पुढारी सरजामाय. साठीच्या पुढची, काटक, तोंडात तंबाखूची चिमूट. तिनं मला पहिल्याच दिवशी बांधावर बसवलं. मी घाई करून दोन बोंडं काढली तशी म्हणाली, “शिकली-सवरली मास्तरीन, पन कापसाले हात लावून नाई पाहत. दाब मुठीत. लागते का ओलं?”

लागत होतं. बाहेरून कोरडा दिसणारा कापूस मुठीत गार लागत होता.

“असाच भरला तर काय होतं, माय?”

“गेल्या साली झालं ते होते,” ती म्हणाली, आणि लगेच तोंड मिटलं.

मी तिच्याजवळ सरकले. “काय झालं गेल्या साली?”

“नोको इचारू. तुह्या बापानं दोष घेतला. आता त्याच्यावर बोलनं मंजे त्याच्या ताटात माती टाकनं.”

मला कोर्टातलं ते आठवलं. वळून दादाला विचारणारे बाबा, आणि मान हलवणारी मी. ते आमच्या जेवणाबद्दल विचारत नव्हतेच. मी म्हटलं, “माय, ताट कुठं आहे? पंगत झालीच नाही. बाबांना त्याच दिवशी नेलं.”

सरजामायनं तंबाखू थुंकली. थोडा वेळ ती बोटांवर काही मोजल्यासारखं करत बसली. मग पलीकडच्या टोकाला बसलेल्या बाईला हाक मारली, “अवं सकू, कवडूच्या दोषाचं जेवन तू जेवली का वं?”

“कधी देल्लं त्यायनं?” तिकडून उत्तर आलं.

“तू वं, गया?”

“मी काऊन जेवू? मले बलावलंच नाई.”

“मंग हे मिटलंच नाई,” सरजामाय म्हणाली. “मिटलं नाई तं बोलता येते.”

आणि बाया बोलू लागल्या. ओटी बांधता बांधता, एकमेकींना अडवत, वर्षभराचं साठलेलं. दिवाणजींनी त्यांना उजाडताच दवात उतरवलं होतं. ओट्या कमरेला ओल्या लागत होत्या. तोच कापूस तुडवून भरला. चार दिवसांनी कोठ्याशी गेलं की आंबूस वास यायचा. “मी ढिगात हात घातला, तं ताज्या भाकरीवानी ऊन लागला,” सरजामाय म्हणाली. “दिवानजीले म्हनलं, कापूस तापून राह्यला, आतून पेटन. तो म्हने, थंडीचे दिवस हाये बुढे, तापू दे.” यावर सगळ्या हसल्या. मीही हसले. इतक्या महिन्यांनी या गोष्टीवर कोणी हसू शकतं, याचंच मला नवल वाटलं.

वकीलसाहेबांनी वरच्या कोर्टाकडं अर्ज केला. खटला पुन्हा चालवावा, असा हुकूम वरून आला. साक्षीला नऊ बाया दादाच्या बंडीतून आणि पुढं गाडीनं गेल्या. सरजामायनं बरोबर एक बोरं, गोणपाटाचं पोतं, घेतलं होतं. दवातला कापूस त्यात ठासून भरून तिनं चार-पाच दिवस बंद ठेवला होता. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सरकारी वकिलांनी विचारलं, “बाई, इतके दिवस तुम्ही का बोलला नाहीत?”

“कोनं इचारलं?” ती म्हणाली. “अन आमाले वाटलं, हे मिटलं.”

जज्जसाहेब त्या बोऱ्याकडं बघत होते. हे काय आहे, म्हणाले. सरजामायनं तोंड सोडून बोरं पुढं सरकवलं. “हात घालून पाहा, साहेब. खोल घाला.” त्यांनी कोटाची बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात घातला. “हे तर गरम आहे,” कापसात हात तसाच ठेवून ते म्हणाले. वकीलसाहेबांचा खोकलाही तेवढ्यापुरता थांबला होता. मग कुलपाचं आलं, किल्लीचं आलं. दिवाणजींनी, आपल्याला कापसातलं फारसं कळत नव्हतं, असं सांगितलं. माझ्या मते ते खरं होतं.

निकालाला पुढचा पावसाळा उलटला. बाबा सुटले तेव्हा जिल्हा मुंबई राज्यात गेला होता. त्याच सुमारास गावातली काही कुटुंबं नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली होती. दर आठवड्याला काहीतरी नवं कानावर येत होतं. बाबा स्टेशनवरून चालतच आले. वाटेत एका शेतात शिरून त्यांनी बोंड दाबून पाहिलं, हे दादानं मला हसत सांगितलं.

आठ दिवसांनी त्यांनी पंगतीचं काढलं. लोक म्हणाले, कशाला? कोर्टानं निर्दोष सोडलं, दोष उरला कुठं? बाबा चिंचेखाली उभे राहून म्हणाले, “हाये दोष. हाकीमापुढं खोटं बोललो मी. अन लेकावर संशय घेतला, त्याले न इचारता. हे जेवन माह्यावर हाये.” भात, तुरीचं वरण, वांग्याची भाजी. साक्ष दिलेल्या नऊ बायांत दोघी नव्यानं बौद्ध झालेल्या घरांतल्या होत्या. बाबांनी त्यांना पहिल्या ओळीत बसवलं. थोडी कुजबुज झाली. सरजामाय मोठ्यानं म्हणाली, “वरन थंडं होऊन राह्यलं,” आणि कुजबुज संपली. बाबांनी स्वतः वाढलं. दादाच्या पानापाशी आल्यावर ते वाकलेले तसेच थांबले. “इचाराले पाह्यजे होतं मी तुले,” म्हणाले. दादा म्हणाला, “मी बी नाई इचारलं, बाबा. भात वाढा.”

त्यानंतरचं पहिलं भांडण बांधाचं होतं. सगळे बसले. सवयीनं एक म्हातारा उठला, “मी घेतो.”

“बस खाली,” बाबा म्हणाले. “घेऊ नोको. आंधी सांग, तू केलं का?”

तो गोंधळला. नाही म्हणाला. मग बाबांनी एकेकाला विचारलं. कोणी केलं ते त्या दिवशी कळलं नाही, पुढंही कळलं नाही. “ठाऊक नाई,” असं म्हणून पंचायत उठली. जेवल्याशिवाय घरी जाताना लोकांना चुकल्या-चुकल्यासारखं झालं. पण बांध पुन्हा घातला गेला आणि कोणाचंही घर तुटलं नाही. त्यानंतर बाबा सोळा वर्षं पंच होते. मधेच कधी जुना प्रश्न तोंडावर आला की थांबत, आणि नवा विचारत.

मी पुढं तीस वर्षं शिकवलं. लिहिलेलं असतं ते खरं असतं, असं नंतर कधी शिकवलं नाही. दोन कागद शेजारी ठेवायचे आणि बोट धरून वाचायचं, एवढं शिकवलं. कित्येक पोरांना ते कंटाळवाणं वाटलं असेल.

आज सकाळी मी बांधावर जाऊन बसले होते. बाया नव्या आहेत, काहींच्या आज्या माझ्या ओळखीच्या होत्या. एकीनं तळपायानं गवत चाचपलं आणि म्हणाली, “बसा आजी, अजून हाये.” आम्ही बसलो. दादा असता तर त्यानं मूठ दाबून पाहिली असती. मी पाहिली.

त्या पंगतीला जेवलेल्यांपैकी आता मी एकटी उरले आहे. दोन्ही कागद पेटीत आहेत. चिंचेखाली पंचायत अजून बसते, आणि आधी विचारते, तू केलं का.